कलमे घटली, म्हणून अधिकारीही घटवायचे?

आयकराविषयी सध्या एक मत इतके रूढ झाले आहे की ते मांडणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. कायदा सोपा करा, तपासणी संगणकावर सोपवा, म्हणजे आयकर खात्यात एवढ्या माणसांची गरजच उरणार नाही, असे ते मत. सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापडबाजारात ते ऐकू येते, हजिरा रस्त्यावर इच्छापोरच्या हिरे कारखान्यांत ऐकू येते, आणि मुंबई-पुण्याच्या सनदी लेखापालांच्या बैठकांत तर ते गृहीतच धरलेले असते. यातल्या पहिल्या मागणीशी माझे भांडण नाही. दुसरीशीही फारसे नाही. पण या दोहोंतून काढलेला तिसरा निष्कर्ष तर्काला धरून नाही आणि आकड्यांशीही जुळत नाही. ज्या लहान करदात्याच्या कळवळ्याने तो मांडला जातो, त्याचेच त्यात सर्वांत जास्त नुकसान आहे.

प्रतिपक्ष दुबळा करून खोडण्यात काही पुरुषार्थ नाही. म्हणून पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. १९६१ च्या आयकर कायद्यात दुरुस्त्यांची ठिगळे पडत पडत कलमे ८१९ वर, प्रकरणे ४७ वर आणि शब्द पाच लाख बारा हजारांवर गेले होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या कायद्यात कलमे ५३६, प्रकरणे २३ आणि शब्द सुमारे दोन लाख साठ हजार आहेत. 'मागील वर्ष' आणि 'कर-निर्धारण वर्ष' हा जुना घोळ संपून एकच 'कर वर्ष' आले. नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर उरलेला नाही. आयकर खात्याच्या बंगळूरूच्या प्रक्रिया केंद्रात विवरणपत्र निकाली निघायला २०१३-१४ मध्ये सरासरी ९३ दिवस लागत, २०२३-२४ मध्ये दहा लागले. शंभर रुपये प्रत्यक्ष कर गोळा करायला २०००-०१ मध्ये एक रुपया छत्तीस पैसे खर्च होत, २०२३-२४ मध्ये चव्वेचाळीस पैसे झाले. शिवाय ऑगस्ट २०२० पासून चेहराविरहित तपासणी आली, त्यामुळे करदाता आणि अधिकारी समोरासमोर येण्याचा प्रसंगच टळला. या सगळ्यामागे एक खरी जखमही आहे. १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वोच्च दर ९७.७५ टक्के होता, आणि त्या काळच्या धाडी-नोटिसांच्या आठवणी व्यापारी घराण्यांत आजही सांगितल्या जातात. अधिकारी म्हणजे जाच, हे समीकरण कोणी हवेतून काढलेले नाही.

हे सर्व मान्य करूनही निष्कर्ष चुकीचा कसा, ते आता पाहू.

नव्या कायद्याने सोपे काय केले? त्याची भाषा आणि मांडणी. नव्या कायद्याचे विधेयक मांडताना सरकारनेच स्पष्ट केले होते की करधोरणात मोठे बदल नाहीत, दरांत बदल नाहीत, हे सुलभीकरण मजकुराचे आणि रचनेचे आहे. परंतुके गेली, स्पष्टीकरणे गेली, त्यांच्या जागी तक्ते आणि सूत्रे आली. हे काम मोठे आहे, आणि ज्यांनी जुना कायदा परंतुकाच्या परंतुकासह वाचला आहे त्यांना त्याची किंमत कळेल. पण भांडवली नफा कोणता आणि व्यवसायाचा नफा कोणता, खर्च धंद्यासाठी झाला की घरासाठी, कर्ज खरे की कागदी, हे प्रश्न जसेच्या तसे आहेत. मजकूर निम्मा झाला म्हणून वाद निम्मे होतील, हे कोणत्या न्यायाने?

उलट पुढची काही वर्षे काम वाढणारच आहे. १ एप्रिल २०२६ च्या आधीच्या वर्षांची प्रकरणे जुन्याच कायद्याने चालतील. फेरनिर्धारणाची मुदत मोठ्या रकमांच्या बाबतीत पाच वर्षांच्याही पुढे जाते, आणि त्यानंतर अपिले आलीच. म्हणजे एकाच टेबलावर दोन कायदे. त्यात २०२० पासून जुनी करपद्धती आणि नवी करपद्धती शेजारी शेजारी नांदत आहेत, हे वेगळेच. अशा संक्रमणाच्या काळात माणसे कमी करा म्हणणारा सुधारणेचा मित्र कसा म्हणायचा?

आता इच्छापोरला येऊ, कारण सोप्या कायद्याची खरी परीक्षा हिऱ्याच्या धंद्यात होते. गुजरात हिरे बोर्सच्या या वसाहतीत कच्चा माल पैलू पाडून तयार होतो. कच्च्या हिऱ्यांच्या एका पुडक्यातून किती वजनाचा, कोणत्या रंगाचा, किती शुद्धतेचा तयार माल निघेल हे अनुभवी डोळ्यालाही अंदाजानेच सांगता येते. वर्षअखेरीस तिजोरीत असलेल्या मालाची किंमत काय धरायची, यावर नफा ठरतो आणि नफ्यावर कर. त्यात हा धंदा जांगडीवर चालतो. माल पसंतीसाठी दुसऱ्याच्या हाती जातो, चिठ्ठी होते, विक्री मात्र झालेली नसते. ३१ मार्चला माझ्या तिजोरीत असलेला माल माझा की तुमचा? तुमच्या वहीत तो शिल्लक म्हणून दिसतो का? चिठ्ठी त्या तारखेची की मागाहून केलेली? या प्रश्नांना कोणतेही कलम उत्तर देऊ शकत नाही, मग ते दोन ओळींचे असो की दोन पानांचे. उत्तर वह्या, चिठ्ठ्या आणि माल पाहणाऱ्या माणसाकडेच असते, आणि त्या माणसाला हिऱ्याचा धंदा कळत असावा लागतो.

यावर प्रतिपक्षाकडे उत्तर आहे आणि ते चांगले आहे. किंमत ठरवण्याच्या भानगडीत पडूच नका, उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरा आणि मोकळे व्हा. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात भारतात कच्चे हिरे विकणाऱ्या परदेशी खाण कंपन्यांसाठी असाच सुरक्षित दर जाहीर झाला, आणि नंतर नियमांत तो एकूण प्राप्तीच्या चार टक्के ठरला. छोट्या व्यावसायिकांसाठीही आठ आणि सहा टक्क्यांची अनुमानित पद्धत आहेच. ही व्यवस्था मला मान्य आहे. पण तिने काम संपवले की हलवले? नफ्याचा प्रश्न मिटला, उलाढालीचा उरला. सहा टक्के कशाचे? जी उलाढाल वहीत आली तिचे. जी आली नाही तिचे कोण पाहणार? कायदा जितका सोपा तितका त्याचा सगळा भार एका आकड्यावर येतो, आणि तो आकडा खरा आहे की नाही हे पाहणे कलमाला जमत नाही.

सुरतेच्या कापडबाजाराने तर याचा ताजा धडा दिला आहे. लघु आणि सूक्ष्म उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास पंचेचाळीस दिवसांत, नसल्यास पंधरा दिवसांत द्यावेत, न दिल्यास तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही, अशी तरतूद २०२३ च्या वित्त कायद्याने आणली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. यापेक्षा सोपी तरतूद सापडणे कठीण. मुदत स्पष्ट, परिणाम स्पष्ट, हेतूही चांगला. तरीही २०२४ च्या सुरुवातीचे महिने सुरतेत या एकाच तरतुदीच्या चर्चेत गेले. महिनोन्‌महिने उधारीवर चालणाऱ्या बाजारात माल परत जाऊ लागला, व्यापाऱ्यांची शिष्टमंडळे दिल्लीला गेली, विणकर मात्र तरतुदीच्या बाजूने उभे राहिले. माल स्वीकारल्याची तारीख कोणती धरायची? परत आलेल्या थानांचे काय? विकणारा उत्पादक की नुसता व्यापारी? कायदा सोपाच होता, व्यवहार सोपा नव्हता. त्या महिन्यांत बाजाराला हवा होता अधिकाराने आणि जबाबदारीने उत्तर देणारा कोणीतरी.

सोपा कर आणि अपुरी यंत्रणा यांची जोडी सुरतेने याआधीही पाहिली आहे. १८७८ चा परवाना कर हा कागदावर अत्यंत सोपा कर होता. व्यापारी आणि कारागीर यांचे वर्ग पाडायचे, प्रत्येक वर्गाला ठरावीक रक्कम, संपले. सरकारी नोकर आणि वकील-डॉक्टरांसारखे व्यावसायिक त्यातून वगळलेले. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेच्या बाजारपेठेने दुकाने बंद ठेवली, दंगल उसळली आणि गोळीबार झाला. त्याच्याही आधी, १८६० मध्ये, जेम्स विल्सनने हिंदुस्थानात पहिला आयकर आणला. दोनशे ते पाचशे रुपये उत्पन्नावर दोन टक्के, त्यापुढे चार टक्के. यापेक्षा सुटसुटीत दररचना कुठली? पण लोकांनी भरलेले उत्पन्न पडताळून पाहील अशी यंत्रणा नव्हती. १८६२ मध्ये खालचा टप्पा सोडून द्यावा लागला आणि १८६५ मध्ये करच संपला. दर दोन असोत की वीस, कोणाचे उत्पन्न किती हे ठरवणारा सक्षम माणूस नसेल तर कर अंदाजाने बसतो. अंदाजाचा पहिला बळी नेहमी लहान दुकानदार असतो.

चव्वेचाळीस पैशांचा आकडा मात्र अनेकांना निरुत्तर करतो. खर्च इतका उतरला तर यंत्रणा कार्यक्षमच म्हणायची ना? थोडे थांबून विचारू या की गोळा करण्याचे काम करते कोण. प्रत्यक्ष कराचा फार मोठा भाग उगमस्थानी कपात आणि आगाऊ कर या मार्गांनी येतो. पगार देणारा मालक कर कापतो, कंत्राटदाराला बिल देणारी कंपनी कर कापते, भाडेकरू कापतो, बँक कापते. कापणे, भरणे, तिमाही विवरण देणे, प्रमाणपत्र काढणे, चूक झाली तर दुरुस्ती, उशीर झाला तर दंड हा सारा खर्च खात्याच्या हिशेबात येतच नाही. तो नागरिकाच्या वहीत पडतो.

समजा, खानदेशातून आलेला एक वेल्डर इच्छापोरला राहतो आणि हजिऱ्याच्या कारखान्यांत छोटी कंत्राटे घेतो. त्याच्या बिलातून एक टक्का कर कापला जातो. पॅन आधारशी जोडलेले नसेल, तर जुलै २०२३ पासून तेच पॅन निष्क्रिय ठरते आणि कपात वीस टक्क्यांवर जाते. त्याचे वर्षाचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. म्हणजे त्याच्यासाठी आयकर कायदा जगातला सर्वांत सोपा कायदा आहे, कारण त्याला करच नाही. तरीही त्याच्या कमाईचा पाचवा हिस्सा सरकारजमा झाला. आधार कार्डावरचे नाव आणि पॅनवरचे नाव जुळत नाही एवढेच कारण असले, तर त्याने कोणाकडे जायचे? संकेतस्थळाची भाषा त्याची नाही. मदतक्रमांक त्याला तक्रार क्रमांक देतो. मजुरा गेटच्या आयकर भवनात त्याचा कागद हातात घेऊन पाहणारा एक कर्मचारी असेल तर काम अर्ध्या तासाचे आहे. नसेल तर तो कोणा दलालाला पैसे देईल, किंवा परताव्याची आशा सोडेल. लहान करदात्याच्या नावाने माणसे कमी करा म्हणणाऱ्यांनी या माणसाला उत्तर द्यावे.

संगणक निःपक्षपाती असतो, असेही सांगितले जाते. असतो, पण तो जे शिकवले तेच करतो. जुलै २०२४ मध्ये विवरणपत्र भरण्याच्या प्रणालीत बदल झाला आणि विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावर करसवलतीचा दावा करणेच अशक्य झाले. सवलत मिळावी की नाही, हा वादाचा मुद्दा होता. पण दावा करण्याचाच रस्ता बंद झाला होता. मुंबईची 'चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स' ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की करदात्याला दावा करता आला पाहिजे, प्रणालीत तसा बदल करा. माणूस अधिकारी असता तर त्याने दावा फेटाळला असता, पण फेटाळण्याची कारणे लिहिली असती आणि त्यावर अपील झाले असते. यंत्राने दावा ऐकूनच घेतला नाही. जाचाची ही नवी जात आहे, आणि तिच्यासमोर छोटा गुंतवणूकदार एकटा आहे.

याहून गंभीर प्रकार ऑक्टोबर २०२५ मध्ये याच न्यायालयासमोर आला. चेहराविरहित पद्धतीने काढलेल्या एका आदेशात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे दाखले दिले होते. न्यायालयाने आदेश रद्द केला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात मिळालेले निष्कर्ष पडताळून पाहण्याची जबाबदारी अधिकाऱ्याची आहे, असे बजावले. पडताळायला काय लागते? वेळ. वेळ कशाने मिळतो? टेबलावर फायली बेताच्या असतील तर. एकामागून एक मुदतबंद प्रकरणे संपवायची असतील तर चांगला अधिकारीही वाचण्याऐवजी उरकू लागतो.

आता सर्वांत भक्कम पुरावा, आणि तो सरकारचाच आहे. पहिल्या अपिलाच्या पातळीवर पाच लाखांहून अधिक प्रकरणे तुंबली. करदात्याच्या दृष्टीने पहिले अपील म्हणजे न्यायाचे पहिले दार. तिथे वर्षानुवर्षे निकाल लागत नाही, तोवर मागणीची टांगती तलवार, अडकलेले परतावे आणि बँकेपुढे विस्कटलेली पत. यावर सरकारने काय केले? २०२३ च्या अर्थसंकल्पात लहान अपिलांसाठी सुमारे शंभर सहआयुक्त नेमण्याची घोषणा केली. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आणखी अधिकारी अपिलांसाठी लावण्याची घोषणा केली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून करविवाद तडजोडीने मिटवण्याची 'विवाद से विश्वास' योजना दुसऱ्यांदा आणली. २०२० पासून अपिलेही चेहराविरहित झालेली होती, संगणक होता, केंद्रीय यंत्रणा होती, सगळे होते. तरी शेवटी माणसेच नेमावी लागली. माणसांची गरज संपत आली असेल, तर या घोषणा कशासाठी होत्या?

खात्याचा इतिहासही हेच सांगतो. मे २०१३ मध्ये मंत्रिमंडळाने आयकर खात्याची पुनर्रचना मंजूर केली. २०,७५१ नवी पदे आणि एकूण मंजूर पदे सुमारे ७८ हजार. सरकारच्याच अंदाजानुसार वाढीव खर्च वर्षाला सुमारे ४५० कोटी आणि अपेक्षित वाढीव महसूल २५ हजार कोटींच्या वर. असा सौदा कोणता व्यापारी नाकारेल? पण पद मंजूर होणे आणि खुर्चीत माणूस बसणे यांत अंतर असते. संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने रिक्त पदांकडे पुनःपुन्हा बोट दाखवले आहे. नागपूरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत घडणारा अधिकारी वर्षे घालवून तयार होतो. आज न भरलेली जागा पुढच्या दशकात अनुभवी अधिकाऱ्याची उणीव म्हणून पुढे येते.

छाननीसाठी निवडलेल्या विवरणपत्रांचे प्रमाण २०१२-१३ मधल्या ०.९४ टक्क्यांवरून २०१८-१९ मध्ये ०.२६ टक्क्यांवर आले, हे पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० मध्ये अभिमानाने सांगितले. चारशेतल्या एकाच करदात्याला त्रास, यात वाईट काय? काहीच नाही, जर तो एक योग्य निवडला आणि नीट तपासला असेल. २०२४ च्या जुलैअखेर सात कोटी अठ्ठावीस लाख विवरणपत्रे आली. त्यातली पगारदारांची पत्रे संगणक चुटकीसरशी पडताळतो, कारण त्यांच्या पगाराची माहिती मालकाने आधीच दिलेली असते. अनेक कंपन्यांच्या जाळ्यातून, परदेशी शाखांतून, जांगडीच्या चिठ्ठ्यांतून फिरणारा पैसा शोधायला जुळवणी पुरत नाही. अधिकारी कमी असले की खाते सोप्या लक्ष्याकडे वळते, आणि सोपे लक्ष्य म्हणजे पगारदार.

बाहेरचे उदाहरण हवे असेल तर अमेरिका पाहा. १९८६ मध्ये त्या देशाने गाजलेले सुलभीकरण केले. वैयक्तिक करात पंधरा आणि अठ्ठावीस टक्के असे मुख्यतः दोनच दर ठेवले. १९९३ पर्यंत दर पुन्हा पाच झाले, कारण करकायदा गुंतागुंतीचा होतो तो कारकुनांच्या हौसेने नव्हे, सवलत मागणाऱ्यांच्या रेट्याने. २०२५ मध्ये तिथे काही महिन्यांतच कर खात्याचे सुमारे पाव कर्मचारी कमी झाले. कायद्यात तेवढी पाव गुंतागुंत मात्र कमी झाली नाही.

उरतो लाचेचा मुद्दा, आणि तो प्रामाणिक आहे. माणूस आला की देवघेव आली, म्हणून माणूसच नको. पण लाच कमी झाली असेल तर ती कशाने? १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर संगणकीय ओळख क्रमांक सक्तीचा झाला, त्यामुळे खिशातून काढलेल्या नोटिसा बंद झाल्या. प्रकरण कोणाकडे जाईल हे यंत्र ठरवू लागले, त्यामुळे सोयीचा अधिकारी गाठणे अवघड झाले. या दोन्ही सुधारणा नोंद आणि वाटप यांच्या आहेत. रिकाम्या खुर्च्यांचा त्यात कणभरही वाटा नाही. चेहराविरहित तपासणीत करदात्याने मागितल्यास व्हिडिओवरून सुनावणी द्यावीच लागेल, ही दुरुस्ती २०२२ मध्ये कायद्यालाच करावी लागली, कारण नुसत्या कागदी उत्तरांवर निघालेले आदेश न्यायालयांत टिकत नव्हते. सुनावणी नोंदवली जाते, ती घेणारा अधिकारी बहुधा दुसऱ्या शहरातला असतो, त्याची बदली करदाता घडवू शकत नाही. इतक्या बंदोबस्तात बसलेल्या अधिकाऱ्याची भीती कोणाला वाटावी?

पार्थसारथी शोम यांच्या अध्यक्षतेखालील करप्रशासन सुधारणा आयोगाने २०१४ मध्येच सुचवले होते की खात्याच्या अंदाजपत्रकाचा किमान दहा टक्के भाग करदात्यांच्या सेवेवर खर्च व्हावा. वाढीव माणसे कुठे बसवावीत याचे उत्तर त्यात आहे. धाडींच्या पथकांत त्यांची गरज नाही. ती अपिलांच्या सुनावणीला हवीत, मोठ्या करदात्यांच्या हिशेबतपासणीला हवीत, हिरा आणि कापड यांसारख्या धंद्यांचे जाणकार म्हणून हवीत. आणि मराठी, गुजराती, हिंदी बोलणारी माणसे मजुरा गेटच्या खिडकीवर हवीत, जिथे इच्छापोरचा वेल्डर आपला कागद घेऊन पोहोचू शकेल. नवा कायदा लागू होण्याच्या तोंडावर ही भरती झाली नाही, तर २०२६ नंतरची पहिली अपिले त्याच पाच लाखांच्या ढिगावर जाऊन पडतील.